गठ्ठ्यातला दाखला

एकोणीस मे. चार जीव: एक पुरुष, त्याची बायको, त्यांची पंधरा वर्षांची मुलगी आणि त्या पुरुषाची आई.

दुपारी साडेतीनपर्यंत निकाल पुरता स्पष्ट झाला. जिंकलेल्या पक्षाने प्रचारात पुष्कळ आश्वासने दिली होती आणि त्यांतली बहुतेक कोणी मनावर घेतली नव्हती. पण त्यांतले एक या घरात तीन महिने हळू आवाजात उच्चारले जात होते. ज्यांचे वडील सीमेपलीकडे जन्मले, त्या सर्वांच्या नागरिकत्वाच्या कागदांची फेरतपासणी होणार होती. या पुरुषाचे वडील वारून नऊ वर्षे झाली होती. ते नदीच्या पलीकडच्या काठावर जन्मले, तेव्हा दोन्ही काठ एकाच देशात होते. पुढे नकाशा बदलला. नदी होती तिथेच राहिली.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे. मुलीने टीव्हीचा आवाज बंद केला होता. पडद्यावर माणसे नाचत होती आणि खोलीत फक्त पंख्याची कुरकुर ऐकू येत होती.

"आता काय करतील हे लोक?" मुलीने विचारलं.

"हे लोक काही करत नाहीत," आजी म्हणाली. "करतात ते कारकून. हे नुसत्या सह्या ठोकतात."

आजीने पोस्टाच्या पार्सल-खिडकीवर एकतीस वर्षे काढली होती. समोर आलेले प्रत्येक खोके हलवून पाहायचे, आणि "आत काय आहे?" हे विचारताना खोक्याकडे न बघता माणसाच्या डोळ्यांकडे बघायचे, ही सवय निवृत्तीनंतरही तिला सुटली नव्हती. सून बाजारातून आली तरी तिच्या पिशवीला हीच तपासणी चुकत नसे.

तिच्या मुलाला सगळे मास्तर म्हणत. हे त्याचे नाव नव्हे आणि तो शिक्षकही नव्हता. दातांच्या ज्या लॅबमध्ये तो एकवीस वर्षे काम करीत होता, तिथे नव्याने आलेल्या प्रत्येकाला मेण कसे तापवावे आणि प्लास्टर कसे कालवावे हे त्याने शिकवले होते. त्यावरून हे बिरूद त्याला चिकटले, आणि मालकही तेच वापरू लागला. शहरातल्या बारा दवाखान्यांतून रुग्णांच्या बोडक्या हिरड्यांचे ठसे तिथे येत आणि चार-पाच दिवसांनी कवळ्या होऊन परत जात. मास्तरकडे चावा बसवण्याचे काम होते. वरची आणि खालची कवळी एकमेकींवर अशी टेकवायची, की पहिल्याच घासाला माणसाला स्वतःचे तोंड परके वाटू नये. त्या माणसांना त्याने कधी पाहिलेले नसे. तरीही साच्यावरून तो सांगे, हा गृहस्थ जन्मभर एकाच बाजूने चावत आला आहे. ही बाई रागीट आहे, पण राग गिळणारी आहे. त्याची बायको शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. ती म्हणे, "माणसाचं तोंड न बघता त्याचा स्वभाव सांगतात. बायकोचं तोंड रोज बघतात, तिथं मात्र काही कळत नाही."

निकालाच्या दुसऱ्या दिवशी एक अवघड कवळी घेऊन तो स्वतः दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हात धुता धुता सांगितले, "आम्ही तर ठरवलंय मास्तर. आता इथं राहण्यात काही अर्थ नाही. मुलांना घेऊन सरळ बाहेर." मग टॉवेल शोधत त्या म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा विचार करा. तुमच्यासारख्या हाताला तिकडं मागणी आहे."

बाईंचा भाऊ अठरा वर्षे परदेशात होता. त्यांचे पासपोर्ट तयार होते आणि त्यांच्या यजमानांचे काम कोणत्याही गावातून करता येण्याजोगे होते. 'या एकदा घरी' असे आपण निरोप देताना म्हणतो, त्याच चालीवर त्या हे बोलल्या. त्या आठवड्यात हे वाक्य शहरात हजारो तोंडांतून निघाले असेल, आणि बहुतेक तोंडांत त्याचा अर्थ 'मी चिडलो आहे' एवढाच होता. चिडणे ज्यांना परवडते ते असे बोलतात आणि नंतर जेवायला बसतात. मास्तरने ते वाक्य शब्दशः घेतले. हा त्याच्या पेशाचाच गुण म्हणावा लागेल: ठशात जे उमटले ते खरे, असे धरूनच तो पुढचे काम करीत असे.

"जायचं म्हणजे कुठं?" संध्याकाळी बायकोने विचारलं.

"जिथं घेतील तिथं."

"आणि का घेतील? तुम्ही कोण मोठे लागून गेलात?"

"तिकडं म्हातारी माणसं फार आहेत. कवळ्या करणारे कमी आहेत."

"म्हातारी माणसं इथंही आहेत. एक तर समोरच बसलीय."

"ऐकतेय हो सूनबाई," आई म्हणाली. "कान शाबूत आहेत. दातही आहेत, पोराच्या कृपेनं."

मुलीने फोनवर एका देशाचा अर्ज शोधून काढला होता. त्या देशाला लागणाऱ्या कारागिरांच्या यादीत कवळी करणारा होता, शेवटून सहावा. प्रत्येक गोष्टीला गुण होते: वयाला, शिक्षणाला, भाषेला, अनुभवाला. चाळिशीनंतर वयाचे गुण दरवर्षी उतरत होते आणि मास्तर चव्वेचाळीस वर्षांचा होता. भाषेची परीक्षा अर्जानंतर द्यायची होती. अनुभवाचे गुण मात्र भरभरून होते. तेवढ्यावर बेरीज काठावर जमत होती. मुलगी एकेक ओळ मोठ्याने वाचत होती. 'कुटुंब' या रकान्याशी ती थांबली.

"काय झालं? वाच की," आजी म्हणाली.

"नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. एवढंच आहे."

"म्हणजे तीन."

"तिकडं तीन वर्षं राहिल्यावर आईवडिलांसाठी वेगळा अर्ज करता येतो, आजी."

"बरं आहे. तुम्ही व्हा पुढं, मी मागनं पार्सलनं येते. वजन फार नाही माझं." कोणी हसले नाही, तेव्हा तीच म्हणाली, "अरे, चेष्टा केली."

पण त्या दिवसापासून ती चेष्टेत नव्हती. तिच्या नवऱ्याच्या जन्माचा एकमेव कागद तिच्या पत्र्याच्या पेटीत होता. फेरतपासणी झाली तर तो दाखवावा लागणार होता, आणि बाहेर जाण्याच्या अर्जालाही त्याचीच प्रत लागत होती. राहायचे असले तरी तोच कागद, जायचे असले तरी तोच. मास्तरने मागितला की ती स्वतः पेटी उघडी, कागद त्याच्या हातात देई, तो वाचेपर्यंत समोर उभी राही आणि परत घेऊन कुलूप लावी. आई कागद दडवील असे मुलाला वाटे. मुलगा कागद घेऊन निघून जाईल असे आईला वाटे. दोघेही एकमेकांशी पूर्वीपेक्षा गोड बोलू लागले, आणि हे सुनेच्या लगेच ध्यानात आले.

खरी अडचण दुसऱ्याच कागदाची होती. निदान दहा वर्षांच्या अनुभवाचा दाखला हवा होता. नोकरी देणाऱ्याच्या छापील कागदावर, त्याच्या सहीचा. त्याच्याशिवाय सगळा अर्ज पोकळ होता.

"मागा की सरळ," बायको म्हणाली. "एकवीस वर्षं राबलात. भीक मागताय का?"

"लॅबमध्ये पोर्सलीनचे दात करायचा, तो आठवतो? त्यानं असाच दाखला मागितला होता. सकाळी मागितला आणि दुपारी त्याच्या खुर्चीवर दुसरा बसला. मालक म्हणाले, ज्याचं मन बाहेर आहे त्याचा हात माझ्या कामावर कशाला?"

"मग?"

"मग काय. गेलो तर ही नोकरी नको, पण जाणं नाही जमलं तर ती हवीच. दाखला हवा, आणि मागितला हे कळायला नको."

"धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं," बायको म्हणाली. त्या घरात त्या उन्हाळ्यात याहून नेमके कोणी बोलले नाही.

लॅब एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होती; खाली चपलांचे गुदाम होते. खिडक्यांच्या काचा प्लास्टरच्या धुळीने दुधाळ झालेल्या. सहा माणसे, सहा टेबले, आणि कोपऱ्यात घासायचे यंत्र. त्या यंत्रावर जो बसे त्याला सगळे घाश्या म्हणत. तयार कवळीला चकाकी आणणे हे त्याचे काम, आणि मास्तरच्या एक वर्ष आधीपासून तो तिथे होता. यंत्राच्या मोटरने त्याचे कान जवळजवळ गेले होते. तो समोरच्याचे ओठ वाचून बोलणे समजून घेई. त्यामुळे त्याच्याशी बोलताना लोक आवाज न वाढवता तोंड वाढवत, आणि तो म्हणे, "जबडा सांभाळा, नाहीतर मलाच बसवावा लागेल."

निकालानंतरच्या सकाळी घाश्या कामावर आला तेव्हा त्याच्या खिशावर जिंकलेल्या पक्षाचा बिल्ला होता.

कोणी काही विचारले नाही. न विचारणे हीच त्या दिवसापासून लॅबची रीत झाली. पूर्वी जेवणाच्या सुट्टीत राजकारणावर तावातावाने भांडणारी माणसे आता पंख्याच्या गतीविषयी आणि प्लास्टरच्या प्रतीविषयी बोलू लागली. मास्तर घाश्याकडे पाठ करून बसू लागला. धूळ नसतानाही तोंडावरचा मास्क काढीनासा झाला. ज्याला ओठ वाचता येतात त्याच्यापुढे ओठ झाकावे, एवढाच त्याचा हिशेब. एकवीस वर्षांत घाश्याने त्याचे ओठ वाचून कोणाचे नुकसान केल्याचे त्याला आठवत नव्हते. पण भीतीला दाखले लागत नाहीत. तिला एक बिल्ला पुरतो.

लॅबमध्ये एक प्रघात होता. रोज सहा वाजता, पाठवायच्या प्रत्येक डब्यासाठी मास्तर एक चिठ्ठी लिहून त्यावर लॅबचा शिक्का मारी. यंत्र आधी बंद होत असल्यामुळे तो गठ्ठा घाश्या मालकाच्या खोलीत नेई. मालक एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने सगळ्या चिठ्ठ्यांवर सह्या करी. तो एकही वाची नाही. मास्तरच्या चिठ्ठीत चूक सापडल्याचे उदाहरण नव्हते, आणि मालक हे बाहेरच्यांना अभिमानाने सांगे.

मे महिन्याच्या अखेरीस मास्तरने दाखल्याचा मजकूर स्वतः लिहिला. छापील कागद त्याच्याच खणात असत, कारण लॅबची पत्रेही तोच लिही. कधी लागला, काय काम करतो, किती वर्षे: पत्रातले प्रत्येक अक्षर खरे होते. खोटी होती ती त्याची वाट. सहीची जागा वर येईल असा कागद दुमडून त्याने चिठ्ठ्यांच्या मधोमध घातला आणि गठ्ठा घाश्यापुढे केला.

घाश्याने तो हातात तोलला. "आज एक चिठ्ठी जाड आहे, मास्तर."

"मोठी केस आहे."

"कुणाची? हत्तीची?" घाश्या हसला आणि आत गेला.

पाच मिनिटांनी गठ्ठा परत आला. सही होती. मास्तरने कागद खिशात घातला तेव्हा घाश्या ॲप्रनची गाठ सोडत त्याच्याचकडे पाहत होता. आणि त्या पाहण्याचा अर्थ लावण्यात मास्तरने पुढचे सहा आठवडे घालवले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेला. मुलीने तो भरला, मास्तरने शेजारी बसून एकेक रकाना सांगितला. पुढे वाट पाहणे. सरकार बसले, मंत्र्यांनी शपथा घेतल्या, फेरतपासणीसाठी एक समिती नेमली गेली आणि समितीला मुदत मिळाली. गल्लीत तसे काहीच बदलले नाही. पण जिन्यात भेटणारा प्रत्येक शेजारी आता मास्तरला वडिलांच्या गावाविषयी विचारणारच आहे असे वाटे, आणि कोणी विचारले नाही की तो ठरवूनच विचारत नसावा असे वाटे.

एका दुपारी घाश्या डबा खाता खाता म्हणाला, "तुझी पोरगी परकी भाषा शिकतेय म्हणे?"

मास्तरचा घास थांबला. "कोण म्हणालं?"

"माझी भाची तिच्याच शाळेत आहे. म्हणाली, मधल्या सुट्टीत एकटीच पुटपुटत असते. शिकू दे की. भाषा काय, जड असते का?"

"परीक्षा आहे शाळेची."

"असेल," घाश्या म्हणाला.

'असेल' हा शब्द मास्तरने घरी नेला. बायकोला तो तीनदा म्हणून दाखवला, वेगवेगळ्या सुरांत. ती म्हणाली, "अहो, असेल म्हणजे असेल. तुम्ही त्याचा साचा काढत बसू नका."

अकरा जुलैला मालकाने त्याला खोलीत बोलावले.

"बसा मास्तर. दार लावून घ्या." मालक बराच वेळ पेनचे टोपण काढत आणि घालत राहिला. "मग? कधी निघताय?"

"कुठं साहेब?"

"ते तुम्ही सांगायचं. मला काय, मी नुसता मालक." मग त्याचा आवाज चढला आणि 'तुम्ही'चा 'तू' झाला. "कुठल्याशा दाखल्यावर माझी सही आहे म्हणे. मी दिली का रे ती?"

मास्तरने मालकाच्या हातातल्या टोपणाकडे पाहिले.

"एकवीस वर्षं न बघता सही करतोय मी तुझ्यावर. न बघता! बायकोनं किराण्याची यादी दिली तरी मी दोनदा वाचतो."

"पत्रात खोटं काही नाही, साहेब."

"खोटं नाही म्हणून चोरून घेतलंस?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी का सांगेना! खरं आहे ना? मग इथं माणसानं भरवसा ठेवायचा कुणावर?"

दाराच्या काचेतून घासायचे यंत्र दिसत होते आणि त्याच्यावर वाकलेली पाठ. मास्तरला त्या क्षणी शंका उरली नाही. पुढे तो जे बोलला ते रागाने बोलला असे म्हणता येणार नाही. त्याचा आवाज रोजचाच होता.

"भरवशाचं म्हणता, तर घाश्याचा जेवणाचा डबा बघा एकदा. खालच्या कप्प्यात."

खालच्या कप्प्यात काय असते ते लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक होते, एका मालकाखेरीज. कवळीच्या गुलाबी भागासाठी जी पूड कालवतात, तिची दिवसअखेरीस उरलेली चिमूट-चिमूट घाश्या घरी नेई. त्याच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या तडकलेल्या कवळ्या तो तिने सांधून देई. ती पूड एरवी कचऱ्यात जात असे. पण ती मालकाची होती, आणि ज्या माणसाची सही नुकतीच चोरीला गेली आहे त्याला चोर हवा होता. मास्तरला काढणे त्याला परवडत नव्हते. चावा बसवणारा दुसरा नव्हता. घासणारे पुष्कळ मिळतात.

साडेपाचला घाश्या गेला. ॲप्रन त्याने घडी करून यंत्रावर ठेवला. "तुम्ही राहा," मालक मास्तरला म्हणाला. "पण चिठ्ठ्या यापुढं मी वाचणार." आणि त्या संध्याकाळपासून तो चष्मा लावून प्रत्येक चिठ्ठी वाचू लागला.

तीन दिवसांनी त्या देशाच्या कार्यालयाचे उत्तर आले. मुलीने वाचले. अर्जात नमूद केलेल्या क्रमांकावर नऊ जुलै रोजी दूरध्वनी केला असता नोकरी देणाऱ्याने दाखला दिल्याचे नाकारले. सबब अर्ज बंद करण्यात येत आहे आणि पुढील पाच वर्षे नवा अर्ज स्वीकारला जाणार नाही.

बायकोने तिच्या हातातून फोन घेतला आणि पत्र पुन्हा वाचले.

"नंबर कुणी घातला होता?" तिने विचारलं.

"रकाना होता," मुलगी म्हणाली. "बाबांनी सांगितला."

त्याने सांगितला होता. नोकरी देणाऱ्याचा दूरध्वनी असा रकाना येताच एकवीस वर्षे चिठ्ठ्यांवर लिहिलेला क्रमांक त्याच्या तोंडून आपोआप निघाला. त्या क्रमांकावर कोणी विचारणा करील, आणि फोन नेहमीप्रमाणे मालकाच्याच हातात असेल, हे त्याच्या मनातही आले नव्हते. त्याच्या चिठ्ठीची खातरजमा आजवर कोणी केलीच नव्हती.

"आत काय आहे ते खोक्यावर लिहूनच पाठवलंस की रे," आई म्हणाली. बोलण्यात टोमणा होता, पण तिने हात लांब करून मुलाच्या पाठीवर ठेवला.

बायकोने फोन बाजूला ठेवला. "म्हणजे मालकाला त्या ऑफिसनंच सांगितलं. आणि तुम्ही महिनाभर त्या घाश्याच्या नावानं..." ती थांबली. "तो काय म्हणाला मग?"

"तो नाही आता कामावर."

"का?"

"पूड नेत होता घरी. मालकांनी पकडलं."

"ते तर सगळ्यांनाच माहीत होतं. मालकांना कुणी सांगितलं?"

मास्तर उठून खिडकीशी गेला. तिने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

निवडणुकीचा निकाल नकोसा लागला म्हणून देश सोडता येतो का, या प्रश्नाचे उत्तर सहसा आकड्यांत दिले जाते: गुण किती, वय किती, गाठीला काय. ही उत्तरे चुकीची नाहीत. डॉक्टरीणबाई आजही इथेच आहेत. दर महिन्याला ठसे पाठवतात आणि पुढच्या वर्षी जाण्याविषयी बोलतात. त्या जातील किंवा जाणार नाहीत, पण जाता येते या खात्रीवर त्यांना इथे स्वस्थ राहता येते. मास्तरसारख्याला ते दार उघडण्यापूर्वी अनेकांकडून कागद मिळवावे लागतात, आणि प्रत्येक कागदापाशी एक माणूस उभा असतो. आईकडे कागद, मालकाकडे सही, घाश्याकडे गठ्ठा. निघायचे तर या साऱ्यांपासून निघण्याची गोष्टच लपवावी लागते. आणि ज्यांच्यापासून लपवायचे त्यांच्यावर नजर ठेवावी लागते. ज्या राज्यात शेजारी शेजाऱ्याची खबर देईल अशा राज्याच्या धास्तीने मास्तर निघाला होता. ते राज्य अजून समितीच्या कागदांत होते. त्याच्या हातून पहिली खबर मात्र दिली गेली होती.

ऑगस्टच्या मध्यावर एका रविवारी सकाळी तो घाश्याच्या घरी गेला. सांगायचे ठरवूनच गेला. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे एक खोली, एकच खिडकी; खिडकीशी घाश्या मांडीवर फडके पसरून हातानेच एक कवळी घासत होता. समोर स्टुलावर एक म्हातारी बसली होती, तोंडावर पदर धरून.

"ये मास्तर, ये! या आजी दात येईपर्यंत बोलणार नाहीत. तोवर आपण बोलू."

म्हातारी पदराआड हसली.

"काम मिळालं कुठं?" मास्तरने विचारलं.

"दोन ठिकाणी विचारलं. पूडचोर म्हणून नाव आधीच पोचलंय. दाखला तरी कुणाकडं मागू? आता हे असंच, कुणी चार घास देतं, कुणी नुसते आशीर्वाद. आशीर्वाद चावता येत नाहीत."

खिळ्याला त्याचा शर्ट टांगला होता. खिशावर बिल्ला तसाच होता. मास्तरची नजर तिथे गेलेली घाश्याने पाहिली.

"तो घरमालकानं दिलाय. त्यांच्या पक्षाचा आहे ना. लावला नाही तर खोली सोड म्हणतो. आपल्याला काय, पत्र्याचा तुकडा." तो पुन्हा घासू लागला. "तुझं काय झालं, त्या कागदाचं?"

"कुठल्या?"

"अरे, त्या हत्तीच्या चिठ्ठीचं. मालकाच्या दारापर्यंत गेलो तर घडी उलगडून तुझं नावच वर आलेलं. म्हटलं, आता हा मेला. दोन चिठ्ठ्या वर सरकवल्या आणि सह्या होईपर्यंत कोपरा अंगठ्यानं दाबून उभा राहिलो. मालक म्हणतो, हात काढ. म्हटलं, साहेब, पंख्यानं उडतायत." तो स्वतःशीच हसला. "जायचं होतं तर गपचूप जायचंस. मी बोललो का कुणाला?"

"नाही."

"आणि माझं बघ. पूड कचऱ्यातली. कुणी सांगितलं असेल, सांग बरं?" मास्तरने उत्तर देण्याआधीच तो म्हणाला, "मला माहीत आहे. तो डबे पोचवणारा ड्रायव्हर. मागच्या वर्षी माझ्याशी वाजलं होतं त्याचं. परवा रस्त्यात भेटला, मी तोंड फिरवलं. बावीस वर्षांत लॅबमध्ये मी कुणाशी बोलणं टाकलं असेल तर त्याच्याशीच."

मास्तरच्या तोंडावर त्या दिवशी मास्क नव्हता. त्याचे ओठ हलले. घाश्याने कवळीवरून मान वर केली आणि तो ओठांकडे पाहत थांबला.

"काय म्हणालास?"

"काही नाही. ड्रायव्हर नसेल, एवढंच."

"तू चांगला आहेस, म्हणून तुला तसं वाटतं," घाश्या म्हणाला. त्याने कवळी फडक्याने पुसून म्हातारीच्या हातात दिली. तिने पाठ वळवून ती बसवली, दोनदा चावून पाहिली आणि मान डोलावली. मास्तर चहा घेऊन निघाला.

फेरतपासणीची नोटीस या घराला अद्याप आलेली नाही. समितीला मुदतवाढ मिळाली आहे. घासायच्या यंत्रावर दुसरा माणूस बसतो. घाश्याला काम मिळालेले नाही, आणि ड्रायव्हर समोर आला की तो अजून तोंड फिरवतो. त्याची नोकरी कोणाच्या शब्दाने गेली, हे मास्तरने त्याला सांगितलेले नाही. ते देणे बाकी आहे.